निरोपातला सोमवार

गेल्या वर्षी श्रावणात एक आजी दवाखान्यात आल्या. आल्या म्हणजे सुनेने आणि शेजारच्या मुलाने रिक्षातून धरून आणल्या. वय सत्तरीच्या घरात. चार दिवस पोटात अन्न नाही, पाणीसुद्धा गिळवत नाही, अंगात ताप. सूनबाई म्हणाल्या, "डॉक्टर, उष्णता झालीय. तोंड आलंय. सब्जा दिला, तूप लावलं, काही उतार नाही."

मी टॉर्च लावून तोंड पाहिले. जीभ, टाळू, गालांची आतली बाजू, सगळीकडे सोलल्यासारखे व्रण होते. हिरड्यांतून रक्त झिरपत होते. पायांवर लाल बारीक ठिपके उठले होते. नुसत्या उष्णतेने असे होत नाही.

या आजींना आमवात आहे, म्हणजे ज्याला आम्ही ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतो तो. बोटांचे सांधे सुजून वाकडे होऊ लागले म्हणून मीच त्यांना पुण्याच्या सांधेविकार तज्ज्ञांकडे पाठवले होते. मी विचारले, "गोळ्या कोणत्या चालू आहेत?" सूनबाईंनी पिशवीतून मोबाइल काढला आणि एक मेसेज समोर धरला. त्यात तीन ओळी होत्या. मेथोट्रेक्सेट २.५, ३ गोळ्या. फॉलिक ॲसिड ५, १ गोळी. बीपीची गोळी, १.

"रोज रात्री जेवण झालं की देते. बारा दिवस झाले, एक दिवससुद्धा चुकवला नाही," त्या म्हणाल्या.

माझ्या पोटात खड्डा पडला. मेथोट्रेक्सेट हे औषध आमवातात आठवड्यातून एकदाच द्यायचे असते. रोज नाही. शरीरात नव्या पेशी तयार होण्यासाठी फॉलिक ॲसिड नावाचे जीवनसत्त्व लागते. हे औषध नेमके त्याच्या कामात अडथळा आणते. आठवड्यातून एकदा थोड्या मात्रेत दिले तर सांध्यांची सूज आटोक्यात राहते आणि शरीराला मधले सहा दिवस सावरायला मिळतात. रोज दिले तर ज्या पेशी भराभर बदलतात त्यांना पहिला फटका बसतो. तोंडाचे आतले अस्तर, आतडे आणि हाडांतला रक्त तयार करणारा मगज या त्या जागा. पांढऱ्या पेशी घटल्या की जंतुसंसर्ग होतो, प्लेटलेट घटल्या की रक्त झिरपू लागते. हे औषध लघवीवाटे बाहेर जाते, त्यामुळे उतारवयात मूत्रपिंडे मंदावली असतील तर ते अंगात साचत राहते. आजींना आठवड्याला तीन गोळ्या सांगितल्या होत्या. बारा दिवसांत त्यांच्या पोटात छत्तीस गेल्या होत्या.

"हा मेसेज कुणी पाठवला?" मी विचारले.

"मोठ्या भाऊजींनी पुण्याहून. तुमचाच आहे म्हणाले."

आजींना तातडीने जिल्ह्याच्या ठिकाणी रुग्णालयात पाठवले. रक्तातल्या पांढऱ्या पेशी दीड हजाराच्याही खाली गेल्या होत्या, म्हणजे नेहमीच्या किमान मर्यादेच्या निम्म्याहून कमी. या औषधावर उतारा आहे, फोलिनिक ॲसिडचे इंजेक्शन. ते, जोडीला सलाइन आणि प्रतिजैविके, असे अठरा दिवस चालले. पहिले पाच दिवस काही सांगता येत नव्हते. नंतर पेशी वाढू लागल्या आणि आजींनी पेज मागितली.

त्या रात्री घरी आल्यावर मी माझा मोबाइल उघडून मूळ मेसेज शोधला. तज्ज्ञांची चिठ्ठी इंग्रजीत होती म्हणून थोरल्या मुलाच्या विनंतीवरून मीच ती मराठीत लिहून त्याला पाठवली होती. मी लिहिले होते ते असे. पहिली ओळ, "फक्त सोमवारी रात्री, आठवड्यातून एकदाच". त्याखाली मेथोट्रेक्सेटची ओळ. मग "सोमवार सोडून रोज", त्याखाली फॉलिक ॲसिडची ओळ. मग "रोज सकाळी" आणि त्याखाली बीपीची गोळी. मजकूर बरोबर होता. मांडणी मात्र अशी होती की वार एका ओळीत आणि औषध दुसऱ्या ओळीत.

पुढे काय झाले ते थोरल्या मुलाने रुग्णालयाच्या व्हरांड्यात रडवेल्या आवाजात सांगितले. त्याला आधी औषधाच्या दुकानदाराला नावे कळवायची होती. त्याने माझा मेसेज बोटाने दाबून धरला, कॉपी केला, दुकानदाराच्या नावापुढे पेस्ट केला आणि तिथे वारांच्या ओळी खोडल्या. दुकानदाराला सोमवार कशाला हवा? तिथपर्यंत त्याचे काहीच चुकले नव्हते. संध्याकाळी भावजयीला गोळ्यांची वेळ कळवताना त्याने घाईत तोच आटोपशीर मेसेज पुन्हा कॉपी केला आणि तिला पाठवला. दुकानदारासाठी लिहिलेला मजकूर घरच्या माणसाकडे गेला आणि सोमवार वाटेतच गळला. सूनबाईंना तो अपुरा वाटायचे काही कारणच नव्हते. त्यात भर म्हणजे या दोन्ही गोळ्या बहुतेकदा बारीक आणि पिवळ्याच असतात, डोळ्यांना फरक जाणवत नाही.

मेसेज उचलून दुसरीकडे चिकटवण्याची ही सोय तशी जुनी आहे. लॅरी टेस्लर नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात ती आपल्या सहकाऱ्याबरोबर घडवली. २०२० साली ते वारले. सोय उत्तम आहे, मीही दिवसातून दहादा वापरतो. पण तिचा एक गुण लक्षात ठेवावा लागतो. व्हॉट्सॲपवर एकच मेसेज कॉपी करून पेस्ट केला तर फक्त अक्षरे जातात. कोणी लिहिला, कोणासाठी, कोणत्या तारखेला, हे मागेच राहते. (दोन-चार मेसेज एकदम निवडून कॉपी केले तर मात्र तारीख, वेळ आणि नाव आपोआप जोडले जाते. हे मला माझ्या मुलीने दाखवले.) त्याऐवजी बाणाच्या खुणेने मेसेज पुढे पाठवला, म्हणजे फॉरवर्ड केला, तर निदान मजकूर जसाच्या तसा राहतो आणि तो दुसरीकडून आला आहे ही खूण वर दिसते.

या खुणेची कथा आपल्या महाराष्ट्राशी जोडलेली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध भटक्या माणसांना ठार मारले. त्या सुमारास देशात अशा अफवांचे पीक आले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या मेसेजवर खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घालण्याचे जाहीर केले. पण कॉपी करून पेस्ट केलेल्या मजकुरावर ती खूण येत नाही. तो पाठवणाऱ्यानेच लिहिल्यासारखा दिसतो. मामांनी लिहिलेय, म्हणजे खरेच असणार!

माझ्याकडे असे मजकूर घेऊन येणारे आठवड्याला दोन-तीन तरी असतात. एकटे असताना हृदयविकाराचा झटका आला तर जोरजोरात खोकत राहा, हा त्यातला सर्वांत जुना. खोकत बसू नये. १०८ ला फोन करावा, दार उघडे ठेवावे आणि बसून राहावे. दुसरा, पक्षाघात झाला की बोटांची टोके सुईने टोचून रक्त काढा. याचाही काडीमात्र उपयोग नाही. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली असेल तर ती विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. सुई शोधण्यात गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

मात्र अफवांपेक्षा मला जास्त भीती वाटते ती खऱ्या मेसेजची, जो एका रोग्यासाठी लिहिला आणि दुसऱ्याला लावला. दोन वर्षांपूर्वी आठ किलोचे एक तापलेले बाळ आणले होते. आईला तिच्या बहिणीने मेसेज पाठवला होता, "पॅरासिटामॉल ५ मिली, ताप आल्यावर". बहिणीच्या बाळासाठी तो बरोबर होता, कारण तिच्याकडे सिरप होते. त्याच्या ५ मिलीमध्ये साधारण १२० मिलिग्रॅम औषध असते. हिच्या घरात ड्रॉप्सची बाटली होती. ड्रॉप्स दाट असतात, त्यांच्या एकाच मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम असते. म्हणजे १२० च्या जागी ५००, चौपट! नशिबाने एकच डोस दिला होता. बाळावर लक्ष ठेवले, सर्व ठीक झाले. असे डोस दिवसभर चालले असते तर यकृतावर बेतले असते. घरात बाळ असेल तर आजच बाटलीवरचे लेबल पाहा. मिली सारखे असले तरी औषध सारखे नसते.

मी माझी पद्धत आता बदलली आहे. मेसेज लिहिताना रोग्याचे नाव आणि तारीख वर घालतो आणि प्रत्येक औषधाची ओळ स्वतंत्रपणे पूर्ण लिहितो, म्हणजे एकच ओळ उचलली तरी वार तिच्याबरोबर जावा. आठवड्यातून एकदा घ्यायचे औषध असेल तर मेसेजवर भागवत नाही, फोन करून गोळ्या देणाऱ्या माणसाकडूनच परत वदवून घेतो. तुम्हीही डॉक्टरांचा मेसेज घरी कळवताना त्याला कात्री लावू नका. तो पूर्ण पुढे पाठवा, सोबत चिठ्ठीचा फोटो जोडा. आलेला मेसेज लांब असेल तर त्याचा शेपटाकडचा भाग झाकलेला असतो, खालच्या "रीड मोअर" वर बोट ठेवल्याशिवाय तो दिसत नाही. चिठ्ठी बदलली की जुना मेसेज काढून टाका, नाहीतर सहा महिन्यांनी तोच हाताला लागतो. आणि मेसेजमधली मात्रा बाटलीवरच्या किंवा पाकिटावरच्या आकड्याशी जुळत नसेल तर दवाखान्यात विचारा. असे विचारल्याचा कोणत्याही डॉक्टरला राग येऊ नये. आला तर डॉक्टर बदला.

सूनबाईंना मी मुद्दाम वेगळे बोलावून सांगितले की, यात तुमचा दोष नाही. लिहिले होते तेच तुम्ही इमानाने केलेत. तरी त्या बराच वेळ पदराने डोळे पुसत होत्या.

आजी आता बऱ्या आहेत. दोन महिन्यांनी रक्त आणि मूत्रपिंडे तपासून तज्ज्ञांनी तीच गोळी पुन्हा, कमी मात्रेत, सुरू केली. वार ठरवायची वेळ आली तेव्हा मी नेहमीप्रमाणे सोमवार लिहू लागलो. आजींनी माझा हात धरला. "सोमवारी माझा महादेवाचा उपास असतो डॉक्टर, त्या दिवशी गोळी नको वाटते. बुधवार लिहा." एवढी वर्षे मी त्यांचा वैद्य, पण ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. बुधवार लिहिला. सूनबाईंनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत वर्षभरच्या बुधवारांना लाल पेनाने गोल केले आहेत आणि गोळी दिली की त्यावर फुली मारतात.