रोलप्लेइंग गेम आणि नोकरी: पाच जणांचा रविवार जुळत का नाही?

"या रविवारी जमतंय का?" हा प्रश्न आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सलग अकरा आठवडे पडला. अकराही वेळा कुणा ना कुणाला जमत नव्हतं. बाराव्या आठवड्यात कुणी विचारलंच नाही. आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा खेळ असा संपला.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये एक जण गेम मास्टर, म्हणजे आपला सूत्रधार असतो. तो प्रसंग सांगतो, बाकीचे आपापलं पात्र काय करेल ते सांगतात, आणि जिथे काय होईल याची खात्री नाही तिथे फासे टाकले जातात. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा यातला सर्वात प्रसिद्ध खेळ, १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत आणलेला. एकच गोष्ट अनेक बैठकांत पुढे नेतात, तिला कॅम्पेन म्हणतात. हॉस्टेलवर आम्ही हे पहाटेपर्यंत खेळायचो. नोकरी लागली आणि गाडी अडली.

मला वाटायचं, वेळच कमी पडतोय. मग एकदा कागदावर हिशेब मांडला. आम्ही पाच जण होतो, मी सूत्रधार आणि चार खेळाडू. समजा, प्रत्येक खेळाडूला एखादा रविवार जमण्याची शक्यता ८० टक्के आहे. चांगली वाटते ना? पण चौघांनाही एकाच रविवारी जमण्याची शक्यता होते ०.८ चा चौथा घात, म्हणजे साधारण ४१ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त रविवार रद्द! आता फक्त नियम बदला: चारपैकी तीन आले तरी खेळायचं. शक्यता थेट ८२ टक्के. दोघांवरही भागवायची तयारी असेल तर ९७. कुणाच्याही कॅलेंडरला हात न लावता.

(हा हिशेब प्रत्येकाची अडचण वेगवेगळी असते असं धरून केलाय. एकाच टीममधले दोघे असतील तर रिलीजच्या आठवड्यात दोघेही एकदम गायब होतात. गणपतीत तर सगळेच.)

डेटाबेसच्या क्लस्टरवर काम केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथे याला कोरम म्हणतात. पाचपैकी तीन नोड हजर असले की काम पुढे सरकतं. सगळ्यांची वाट बघत बसणारी सिस्टिम एक नोड पडला तरी थांबते. आठवड्याचे पाच दिवस मी हेच करत होतो, आणि रविवारी विसरत होतो.

पण नुसता कोरम ठरवून भागत नाही, गोष्टही तशी रचावी लागते. आमची गोष्ट मागच्या वेळी गुहेच्या मध्यावर थांबलेली असायची. मग आज न आलेल्याचं पात्र अचानक गेलं कुठे? त्याहून वाईट म्हणजे, अख्खं कथानक मी एका मित्राच्या पात्राभोवती गुंफलं होतं. हरवलेला राजपुत्र, खरा वारसदार वगैरे. त्याच सुमारास त्याला मुलगी झाली. रविवार सोडा, त्याला सलग वीस मिनिटं मिळेनात. "माझ्यामुळे सगळ्यांचं अडतंय, तुम्ही खेळा," असं लिहून तो ग्रुपमधून बाहेर पडला. मला त्याचा रागच आला होता. खरं तर त्याच्याशिवाय चालणारच नाही असा खेळ मीच बांधला होता.

यावर जुना उपाय आहे. बेन रॉबिन्स नावाच्या गेम डिझायनरने 'वेस्ट मार्चेस' नावाची पद्धत मांडली. ठरलेला दिवस नाही, ठरलेली टोळी नाही, कोण कुठे जाणार हे खेळाडूच ठरवतात आणि प्रत्येक बैठकीच्या शेवटी सगळे गावात परततात. आम्ही यातली शेवटची अट तेवढी घेतली. आता रात्री ९ ला सुरू, ११ ला काहीही झालं तरी गावात परत. जो आला नाही तो गावात थांबला होता, विषय संपला. एक जण जर्मनीत आहे. त्याच्याकडे तेव्हा उन्हाळ्यात साडेपाच आणि हिवाळ्यात साडेचार वाजलेले असतात, घड्याळ बदलण्याचा आठवडा तेवढा लक्षात ठेवावा लागतो. यात तोटाही आहे. वर्षभर हळूहळू उलगडणारी महागाथा अशा तुकड्यांत तेवढी रंगत नाही.

माझी तयारी आता अर्ध्या तासात होते: एक जागा, काहीतरी हवं असलेला एक माणूस आणि मधली एक अडचण. दोघेच आले तर जॉन हार्पर यांचा 'लेझर्स अँड फीलिंग्ज' काढतो. त्याचे सगळे नियम एका पानात मावतात.

टूल्सबद्दल फार डोकं लावू नका. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहेत. बोलायला डिस्कॉर्ड आणि नकाशासाठी ब्राउझरमध्ये चालणारं आउलबेअर रोडिओ एवढं पुरतं. रोल२० मध्ये फासे, नकाशा, पात्राची माहिती सगळं एकत्र मिळतं. फाउंड्री सर्वात ताकदवान, एकदाच पैसे भरायचे आणि तेही फक्त सूत्रधाराने. मी त्यावर तीन वीकेंड घालवून भिंतींच्या सावल्या जुळवल्या होत्या. त्या नकाशावर आजपर्यंत कुणी खेळलेलं नाही.

त्या मित्रासाठी डिस्कॉर्डवर एक वेगळा चॅनेल केला. तिथे तो लिहून खेळतो, फासे टाकायला बॉट आहे. लिहून लढाई खेळू नका, प्रत्येकाच्या पाळीसाठी थांबताना आठवडे जातात. बोलणी, सौदे, चौकशी, कारस्थानं मात्र उत्तम चालतात. तीन दिवसांत उत्तर आलं नाही तर मी गोष्ट पुढे नेतो, हे आधीच ठरलंय, म्हणून कुणी माफी मागत नाही. राजपुत्र आम्ही निवृत्त केला. आता त्याचं पात्र गावचा वैद्य आहे.

परवा रात्री पावणेतीनला त्याचा मेसेज आला. मुलीला मांडीवर घेऊन एका हाताने टाइप केलेला, त्यामुळे निम्मी जोडाक्षरं गायब. सरपंचाच्या काढ्यात वैद्याला काहीतरी मिसळायचं होतं. खाली बॉटने टाकलेला वीस बाजूंचा फासा: १९. बाकीचे तिघे रविवारी मोहिमेवरून गावात परततील, तेव्हा त्यांना कळेल.