पाना आपल्या जागी

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत माझी १८ माणसांची छोटी मशीनशॉप आहे. २०२० च्या पावसाळ्यात, टाळेबंदीनंतर काम नुकतं कुठे सुरू होत होतं, निम्मी माणसं अजून गावीच होती, आणि अशात एका मोठ्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं. सर्व पुरवठादारांनी ‘लीन’ आणि ‘फाइव्ह एस’ या विषयांचं ऑनलाइन प्रशिक्षण तीन महिन्यांत पूर्ण करावं, असं त्यात होतं. आमचं निम्म्याहून अधिक काम या एका गिऱ्हाइकाचं. तेव्हा ‘करावं’ या शब्दाचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

प्रशिक्षण म्हणजे एकंदर आठ तासांचे व्हिडिओ, प्रत्येक भागानंतर चार पर्यायांचे दहा प्रश्न आणि शेवटी प्रमाणपत्र. भाषा इंग्रजी. माझा पुतण्या इंजिनिअर आहे, त्यानं पुढाकार घेतला. त्यानं स्वतःची उत्तरं दिली आणि, आता सांगायला हरकत नाही, आणखी तिघांचीही दिली. प्रमाणपत्रं छापून, प्लास्टिकमध्ये घालून ऑफिसच्या भिंतीवर लागली. गिऱ्हाईक खूश, आम्ही खूश. खरं प्रकरण त्यानंतर सुरू झालं.

पण ते सांगण्याआधी हे ‘लीन’ म्हणजे काय, ते बघू. लीन म्हणजे शिडशिडीत, अंगावर फालतू चरबी नसलेलं. हा शब्द अमेरिकेतला. जॉन क्रॅफसिक या संशोधकानं १९८८ साली एका लेखात तो वापरला आणि १९९० साली वोमॅक, जोन्स आणि रूस यांच्या पुस्तकामुळे तो जगभर गेला. मूळ पद्धत मात्र जपानमधल्या टोयोटा कंपनीची, आणि तिचं एक मूळ तर मोटारीत नाही, मागात आहे. साकिची टोयोडा यांनी असा माग बनवला, की धागा तुटला तर तो आपोआप थांबायचा. यात विशेष ते काय, असं वाटेल. पण एरवी धागा तुटला तरी माग चालूच राहतो आणि खराब कापडाचे वारच्या वार पडत जातात. ते होऊ नये म्हणून प्रत्येक मागापाशी एक माणूस डोळ्यांत तेल घालून उभा करावा लागतो. माग आपण होऊन थांबू लागला, तेव्हा एकच माणूस अनेक माग सांभाळू लागला. चूक झाली की तिथंच थांबायचं, ती पुढे जाऊ द्यायची नाही, हा विचार तिथून आला. साकिचींच्या १९२४ सालच्या मागाचे हक्क पुढे १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं विकत घेतले. मोटारधंदा उभा करणारे किइचिरो हे या साकिचींचे चिरंजीव.

युद्धानंतर टोयोटाची अवस्था बिकट होती. १९५० साली कंपनी बुडायच्या बेतात आली, माणसं कमी करावी लागली, मोठा संप झाला आणि किइचिरोंना पद सोडावं लागलं. अमेरिकेतल्यासारखे एकाच भागाचे ढीग आधी बनवून ठेवायचे, तर त्यात अडकवायला पैसा नव्हता आणि तेवढ्या गाड्या घेणारं गिऱ्हाईकही नव्हतं. ताइची ओनो या कारखान्यातल्या अधिकाऱ्यानं मग उलटा विचार केला. अमेरिकेतल्या सुपरमार्केटची रीत त्याला आवडली होती. तिथं गिऱ्हाईक फळीवरून जेवढं उचलतं, तेवढंच मागून भरलं जातं. कारखान्यातही पुढच्या माणसानं मागितलं, तरच मागच्यानं बनवायचं. मागणी कळवायला एक कार्ड, त्याचं नाव कानबान. आपल्याकडे त्याला पाटी म्हणता येईल.

जे करून गिऱ्हाइकाच्या पदरात काही पडत नाही, त्याला ओनो ‘मुदा’ म्हणजे वाया जाणं म्हणत. असे सात प्रकार त्यांनी सांगितले: गरजेपेक्षा जास्त बनवणं, वाट बघत बसणं, मालाची उगाच नेआण, नको तितकी प्रक्रिया, साठा, हातापायांची फुकट हालचाल आणि खराब माल. यातलं पहिलं त्यांच्या मते सगळ्यांत वाईट, कारण बाकीचे बरेच दोष त्याच्या पोटात लपतात. आमच्या धंद्यात मात्र जास्त बनवून ठेवणाऱ्याला अजूनही हुशार समजतात!

‘फाइव्ह एस’ हा या पद्धतीचा पाया. ‘एस’नं सुरू होणारे पाच जपानी शब्द. सेइरी म्हणजे हवं-नको वेगळं करणं. सेइतोन म्हणजे जे हवं ते हाताशी, ठरल्या जागी ठेवणं. सेइसो म्हणजे झाडलोट. सेइकेत्सु म्हणजे या तिन्हींची रीत ठरवून देणं. आणि शित्सुके, ती रीत कुणी न सांगता पाळणं. यातल्या झाडलोटीविषयी मोठा गैरसमज आहे. पाहुणे येणार म्हणून घर झाडतात, तशी ही झाडलोट नव्हे. मशीन पुसता पुसता हाताला लागतं, की इथं तेल झिरपतंय, हा बोल्ट सैल आहे. पुसणं हीच तपासणी. म्हणून ज्याचं मशीन त्यानंच पुसायचं. झाडूवाला वेगळा ठेवला, की फरशी स्वच्छ होते, पण सैल बोल्ट तसाच राहतो.

आता आमचं प्रकरण. प्रमाणपत्रं लागल्यावर एका रविवारी पुतण्यानं सेइरी काढली. ज्या वस्तूचा वर्षभरात उपयोग झाला नाही, तिला लाल चिठ्ठी लावायची, असं व्हिडिओत सांगितलं होतं. दुपारपर्यंत शेडमध्ये बऱ्याच लाल चिठ्ठ्या फडफडत होत्या. मोडकी खुर्ची, जळलेली मोटर, रंगाचे वाळलेले डबे, सगळं जायलाच हवं होतं. त्यात एक लाकडी पेटीही होती. ती आमच्या मामांची. मामा म्हणजे शेडमधले सर्वांत जुने टर्नर, माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचे. पेटीत पितळी पट्ट्यांचे तुकडे, घासून लहान झालेली टूल्स, काही कड्या असं बरंच काही होतं. मामा त्या दिवशी गावी होते. पेटीतला माल वजनावर भंगारात गेला. मी तिथंच होतो. मी काही बोललो नाही.

तीन आठवड्यांनी एका पंपाच्या पातळ बुशची ऑर्डर आली. दीड-दोन वर्षांतून एकदा येणारं काम, ६० नग. पातळ बुश थेट चकमध्ये आवळला, तर तीन जबड्यांच्या दाबानं तो किंचित दबतो. दबलेल्या अवस्थेत त्याचं भोक अगदी गोल कापलं जातं, पण चक सैल केला की बुश मूळ आकारात येतो आणि भोक वेडंवाकडं होतं. हे होऊ नये म्हणून मामांनी कधीकाळी एक चिरलेली कडी बनवली होती. बुश त्या कडीत घालून धरला की दाब सगळीकडून सारखा बसायचा. ती कडी पेटीत होती, आणि पेटी गेली होती. मामांनी काम घेतलं नाही. दुसऱ्या मुलानं थेट आवळून केलं. ६० पैकी ४१ नग परत आले.

दुसऱ्या दिवसापासून मामा येईनात. चार दिवस वाट पाहून मी दिघीला त्यांच्या घरी गेलो. चहा झाला, पावसापाण्याच्या गप्पा झाल्या. मग ते एवढंच म्हणाले, “साहेब, काय ठेवायचं नि काय टाकायचं ते मला विचारलं असतं, तर निम्मी पेटी मीच टाकली असती.” पुतण्या बरोबर होता. त्यानं मान खाली घातली. खरं तर ती मी घालायला हवी होती.

त्यानंतर मी ते आठ तासांचे व्हिडिओ पहिल्यांदा स्वतः, नीट बसून पाहिले. आणि आश्चर्य म्हणजे त्यात चूक काहीच नव्हती. लाल चिठ्ठी लावलेली वस्तू लगेच टाकायची नाही, ठरल्या जागी काही दिवस ठेवायची, वापरणाऱ्याला विचारायचं, हे त्यात स्पष्ट सांगितलं होतं. पण प्रश्नांची उत्तरं देण्याच्या घाईत ते निसटलं. चार पर्यायांतून बरोबर खूण करणं आणि शेडमध्ये बरोबर वागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

टोयोटातली शिकवण्याची रीतही याच्याशी जुळणारी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं नवख्या कामगारांना लवकर तयार करण्यासाठी एक प्रशिक्षण काढलं होतं. युद्धानंतर ते जपानमध्ये गेलं आणि टोयोटानंही घेतलं. त्याच्या चार पायऱ्या आहेत. शिकणाऱ्याची तयारी करायची, काम करून दाखवायचं, त्याच्याकडून करवून घ्यायचं, आणि नंतर लक्ष ठेवायचं. व्हिडिओ दुसरी पायरी उत्तम करतो, पहिली थोडीफार. तिसरी आणि चौथी त्याच्या हातात नाही.

ओनोंची एक गोष्ट सांगतात. ते नव्या अधिकाऱ्याला कारखान्यात खडूनं काढलेल्या वर्तुळात तासन् तास उभं करत आणि नंतर विचारत, काय दिसलं? मी वर्तुळ काढायचं धाडस केलं नाही, माणसं हसली असती. पण एका सकाळी मामांच्या लेथपाशी खांबाला टेकून उभा राहिलो. जॉब बदलून नवं सेटिंग चालू होतं. एका एलन कीसाठी मुलगा शेडच्या दुसऱ्या टोकाच्या कपाटाकडे सात वेळा गेला. मग सगळे थांबले. कशासाठी? तर पहिला नग मोजायला मायक्रोमीटर हवा होता आणि तो माझ्या केबिनमध्ये, कुलपात होता. किल्ली माझ्या खिशात! महाग वस्तू हरवू नये म्हणून मी गेली कित्येक वर्षं हे करत होतो. वाट बघण्यातल्या वाया जाण्याचा जनक मीच होतो.

शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरनं अशा सेटिंगचं काम दोन भागांत वाटायला सांगितलं. मशीन बंद असतानाच करावं लागतं ते एक, आणि मशीन चालू असताना आधीच उरकता येतं ते दुसरं. त्यांच्या सांगण्यानुसार टोयोटातल्या हजार टनी प्रेसचं साचा बदलण्याचं काम चार तासांवरून आधी दीड तासावर आणि शेवटी तीन मिनिटांवर आलं. आम्ही काही चमत्कार केला नाही. पाने, टूल्स, मायक्रोमीटर आधीच ट्रेमध्ये मांडून मशीनपाशी ठेवू लागलो, एवढंच. पावणेदोन तासांचं सेटिंग तासाभरावर आलं. खर्च म्हणाल, तर एका ट्रेचा.

व्हिडिओही आम्ही सोडले नाहीत, रीत बदलली. शनिवारी शिफ्ट संपल्यावर वीस मिनिटांचा एकच भाग लावायचा, पुतण्यानं तो मध्ये थांबवून मराठीत सांगायचा, आणि सोमवारी त्यातली एकच गोष्ट एकाच मशीनवर करून बघायची. मग एका मुलानं मामांच्या हातांचा मोबाइलवर व्हिडिओ काढला, पातळ बुश कसा धरायचा त्याचा. मामांनी आधी आढेवेढे घेतले आणि नंतर तोच भाग तीन वेळा पुन्हा काढायला लावला. नव्या येणाऱ्या मुलाला आम्ही आजही तो सर्वांत आधी दाखवतो.

लहान उद्योगांसाठी केंद्र सरकारनं मार्च २०२३ मध्ये लीन योजना नव्या रूपात सुरू केली. तिच्या तीन पायऱ्या ठेवल्या. पहिली ऑनलाइन आणि विनाशुल्क, पुढच्या दोन पायऱ्यांत सल्लागार प्रत्यक्ष कारखान्यात येणार आणि त्या खर्चाचा ९० टक्के भार सरकार उचलणार. ही रचना मला पटली. मात्र पहिल्याच पायरीवर प्रमाणपत्र घेऊन थांबायचा मोह किती मोठा असतो, ते मी भिंतीकडे बघून सांगू शकतो.

आता आमच्याकडे पान्यांचा फळा आहे. प्रत्येक पान्याची बाह्यरेषा काळ्या रंगानं काढलेली. पाना नसला की नुसती रेघ दिसते आणि तो कुणी नेला याची चौकशी सुरू होते. बारा-तेराचा पाना अजूनही महिन्यातून एकदा गायब होतोच. खालच्या कोपऱ्यात एक नवी चिरलेली कडी टांगली आहे. तिच्यावर चिठ्ठी आहे, पण ती पांढरी आहे, आणि ती कशासाठी हे मामांच्या अक्षरात लिहिलेलं आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)