उसाचे राखणदार: लोकरी माव्यावर जगणारे मित्रकीटक

पांढरी लोकर, काळी पाने

2002 च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यातल्या उसावर लोकरी मावा दिसला आणि बघता बघता तो शेजारच्या जिल्ह्यांत आणि कर्नाटकातही पसरला. ही कीड पानाच्या खालच्या बाजूला मध्यशिरेलगत बसून रस शोषते. अंगावरच्या मेणाच्या तंतूंमुळे पानाला कापूस चिकटल्यासारखा दिसतो. तिचा चिकट, गोड स्राव खालच्या पानांवर पडतो, त्यावर काळी बुरशी धरते आणि पानाचे अन्न तयार करण्याचे काम मंदावते. डोक्यावर गेलेल्या दाट उसात शिरून फवारणी करणे महाकठीण. तिथे कामाला आले मित्रकीटक.

मावा खाणारी अळी

अळी म्हणजे पिकाची वैरीण, हा आपला नेहमीचा अनुभव. डिफा, म्हणजेच कोनोबाथ्रा, ही एका लहान पतंगाची अळी मात्र मांसाहारी आहे. माव्याच्या थव्यातच ती रेशमी जाळे विणते, त्याच्या आडोशाने मावा फस्त करते आणि पुढे पानावरच कोषात जाते.

मायक्रोमस आणि सोबती

मायक्रोमस हा जाळीदार पंखांचा तपकिरी, चिमुकला कीटक. त्याची निमुळती अळी विळ्यासारख्या जबड्यांत मावा पकडून शोषून घेते. सिरफिड माशीच्या बिनपायाच्या अळ्या आणि ढालकिडेही माव्यावर ताव मारतात.

शेतात सोडताना

हेक्टरी डिफाच्या 1000 किंवा मायक्रोमसच्या 2500 अळ्या सोडण्याची शिफारस आहे. मित्रकीटक असलेल्या पानांचे तुकडे मावा पडलेल्या पानांना टाचले, तरी अळ्या नव्या पानावर उतरतात. त्यानंतर कीटकनाशक फवारू नये.

थोडा धीर हवा

मित्रकीटक नेहमी किडीच्या मागून येतात, कारण कीड हेच त्यांचे अन्न. मधल्या दिवसांत घाईने फवारले, तर मित्रकीटक मरतात आणि वाचलेला मावा पुन्हा वाढतो. माव्याची मादी नराशिवायच पिल्लांना जन्म देते, त्यामुळे मावा लवकर सावरतो. मित्रकीटकांना सावरायला मात्र वेळ लागतो.

म्हणून पंप पाठीवर घेण्याआधी पान उलटे करून पाहा. लोकर विस्कटलेली, तिच्यात रेशमी जाळे आणि हलणारी अळी दिसली, तर पंप खाली ठेवा. तुमचे काम तिथे आधीच सुरू झालेले आहे.