हळदीचं दूध पोटात जातं, पण कुठे?

सिझर किंवा पिशवीचं ऑपरेशन होऊन बाई देवळाली प्रवऱ्याला घरी आली, की सल्ल्यांना ऊत येतो. हळदीचं दूध द्या, कोरफडीचा गर द्या, म्हणजे आतडी चिकटणार नाहीत. भात मात्र नको, टाके पिकतील. भाताचं आधी मिटवू: टाके पिकतात ते जंतूंमुळे, भातामुळे नाही. हळदीचं प्रकरण इतकं सरळ नाही.

टाके नीट घातले नाहीत म्हणून आतडी चिकटली, असं सर्रास बोललं जातं, पण कारण वेगळं असतं. पोटाच्या आत एक पातळ, ओलसर अस्तर असतं. हात, हत्यारं किंवा गॉज लागून ते खरचटलं, कोरडं पडलं, की तिथे फायब्रिन हा चिकट पदार्थ साचतो. एरवी शरीर तो काही दिवसांत विरघळवून टाकतं. दुखावलेल्या अस्तराची ही ताकद कमी पडली, तर त्यात पेशी शिरतात, कोलॅजन बनतं आणि शेजारशेजारचे अवयव एकमेकांना धरून बसतात. पोट उघडून केलेल्या ऑपरेशननंतर बहुतेकांना हे कमी-अधिक होतंच, आणि बहुतेकांना पत्ताही लागत नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनात प्रमाण कमी, पण शून्य नाही. सोनोग्राफीत हे बंध सहसा दिसतही नाहीत.

हळदीतलं कर्क्युमिन, द्राक्षांच्या सालीतलं रेस्व्हेराट्रॉल, कलौंजीचं तेल यांचे प्रयोग झालेत आणि चिकटणं कमी झाल्याचंही आढळलंय. पण उंदरांमध्ये, आणि बऱ्याचदा अर्क थेट पोटाच्या पोकळीत सोडून. आपण पितो ते दूध जठरात जातं. त्यातलं कर्क्युमिन रक्तात जेमतेम उतरतं, उतरलेलं यकृत झटपट निकालात काढतं. माणसांसाठी सिद्ध झालेलं असं अर्काचं औषध आज तरी नाही. ‘मग हळदीचं पेटंट आपण जिंकलो ते?’ असं कुणीतरी विचारतंच. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं ते अमेरिकी पेटंट 1995 मध्ये दिलं गेलं आणि डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआर या भारतीय संशोधन संस्थेच्या आक्षेपामुळे 1997 मध्ये रद्द झालं. वाद होता तो हे ज्ञान नवं की जुनं, यावर. आतड्यांचा त्यात विषयच नव्हता.

गंमत म्हणजे वनस्पती ऑपरेशन थिएटरात कधीच पोचली आहे. सर्जनच्या हातमोज्यांना लावायची पावडर मक्याच्या स्टार्चची असे. तिचे कण पोटात राहिले की उलट चिकटणं वाढे. अमेरिकेने 2017 मध्ये असे मोजे बंदच केले. त्याच स्टार्चपासून बनवलेलं आयकोडेक्स्ट्रिनचं द्रावण काही ऑपरेशनांत पोटात ठेवतात, अवयव काही दिवस वेगळे राहावेत म्हणून. वनस्पतीच्या सेल्युलोजपासून बनवलेलं विरघळणारं कापडही त्यासाठीच वापरतात. त्यांनी चिकटणं कमी होतं, हमखास टळत नाही.

भाजीतल्या हळदीला कुणाची ना नाही. हळदीच्या किंवा लसणाच्या कॅप्सूल मात्र रक्तस्राव वाढवू शकतात. ऑपरेशन ठरताच डॉक्टरांना त्यांची नावं सांगा. साधारण दोन आठवडे आधी त्या बंद करायला सांगतात.

खरा धोका एरंडेलाचा. ऑपरेशननंतर महिन्यांनी, अगदी वर्षांनीही, पोटात कळा येऊन उलट्या होत असतील, पोट फुगलं असेल, वारा सरत नसेल, तर ते नेहमीचं बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजू नका. आतडं अडकलेलं असू शकतं. तोंडाने काहीही न देता थेट दवाखाना गाठा, आणि जुन्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड सोबत घ्या.