घोडा, सुई आणि वाळलेला रंग

पत्र्याच्या कंपासपेटीत, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला काकांचा रंग फवारायचा एअरब्रश माझ्या हाती आला तेव्हा त्याचा घोडा हलत नव्हता. बंदुकीच्या चापाला घोडा म्हणतात, तसाच या यंत्राचा चाप म्हणजेही काकांच्या भाषेत घोडाच. वाटीच्या तळाशी निळा रंग दगडासारखा बसला होता. वजन तळहाताला जेमतेम जाणवेल एवढं, आकार जाडजूड फाउंटन पेनासारखा, आणि पितळेवरचा पांढरा मुलामा बोटं टेकायच्या जागी पार उडालेला. कंपनीचं नाव घासून घासून गेलं होतं. काकांनी तो कोल्हापुरातल्या एका फोटो स्टुडिओकडून जुनाच घेतला होता, म्हणजे मुलाम्याची निम्मी झीज त्यांच्या आधीच्या कुणाच्या तरी बोटांची.

कडेगावात काका ‘पेंटर’ होते. आमच्या भागात हा शब्द धंदा सांगतो आणि नावाची जागाही घेतो. आडनाव कुणी विचारत नाही. सोसायटीची पाटी, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, ट्रॉलीच्या फाळक्यावरचं नाव, कुस्ती मैदानाचे फलक, ही रोजची कामं कुंचल्याची. एअरब्रश बाहेर निघायचा तो दोनच कारणांनी. एक म्हणजे मोठ्या माणसाचं मोठं चित्र. आमच्याच तालुक्यातल्या देवराष्ट्र्यात १९१३ साली जन्मलेल्या यशवंतराव चव्हाणांचा चेहरा काकांनी किती वेळा रंगवला असेल, त्याची मोजदाद नाही. दुसरं कारण म्हणजे घरातलं गेलेलं माणूस. लग्नाच्या घोळक्यातल्या फोटोतून आजोबा तेवढे उचलायचे, मोठे करायचे आणि मागची माणसं धुक्यासारख्या राखाडी रंगात बुडवून टाकायची.

हे धुकं कुंचल्याने होत नाही. कुंचला कागदाला टेकला की त्याची कड उमटतेच. एअरब्रश कागदाला शिवतच नाही. म्हणून त्याच्या रंगाला कड नसते, आणि कड हवी असेल तर ती बाहेरून आणावी लागते: कागद कापून झाकण करायचं, ते चित्रावर ठेवायचं आणि उडू नये म्हणून त्यावर नाणी. काकांकडे यासाठी जुनी जड नाणी वेगळ्या डबीत होती. त्यांवर इतके रंग चढले होते की दुकानदाराने ती घेतली नसती.

याच साधनाने सोव्हिएत रशियात स्टालिनच्या शेजारून येझोव्हसारखी माणसं फोटोतून पुसली गेली. आमच्याकडे पुसण्यापेक्षा भर घालण्याचं काम जास्त असायचं. ज्याने जन्मात कोट घातला नाही त्याला कोट, बोडक्या डोक्याला फेटा, आजीच्या गळ्यात बोरमाळ. गिऱ्हाइकाला यात खोटं काही वाटत नसे, आणि मलाही वाटत नाही.

यंत्राचा जन्म अमेरिकेतला. आयोवा राज्यातल्या अॅब्नर पीलर नावाच्या माणसाने १८७०च्या दशकाच्या अखेरीस जवाहिऱ्याच्या कारखान्यातल्या सुट्या सामानातून एक ओबडधोबड रंगफवारा जुळवला. हातपंपाने हवा द्यायची आणि जलरंग उडवायचे. आज आपण ज्याला एअरब्रश म्हणतो, ज्यात हवा आणि रंग टोकाशीच एकमेकांना भेटतात, तो चार्ल्स बर्डिक याचा. तो १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात लोकांपुढे आला. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या धर्मपरिषदेत विवेकानंद बोलले आणि त्याच प्रदर्शनात राजा रविवर्म्याची चित्रं बक्षिसं घेऊन गेली. पुढच्याच वर्षी रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला आणि देवादिकांची गुळगुळीत चित्रं घराघरांत गेली. काकांच्या दुकानात रघुवीर मुळगावकरांच्या चित्राचं एक पिवळं पडलेलं कॅलेंडर होतं. त्यातल्या लक्ष्मीच्या गालाकडे बोट दाखवून ते म्हणायचे, “हितं रंग कुठं सुरू झाला, दाव बरं.” दाखवता येत नसे.

पितळेच्या या काडीला हात घालताना मला सारखी आठवण होत होती ती आमच्याच परिसरातल्या दोन माणसांची. शेजारच्या पलूस तालुक्यात १९१० साली किर्लोस्करवाडी वसवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुळात चित्रकार व्हायला निघाले होते. १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले आणि काही रंग आपल्याला ओळखता येत नाहीत असं ध्यानात आल्यावर रंग सोडून यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. दुसरे कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता ते आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव सिनेमाच्या यंत्राच्या नादी लागले. आनंदराव १९१६ साली गेले. बाबूरावांनी कॅमेरा पुरा केला, १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला, आणि आडनाव मात्र पेंटरच लावलं. एक रंगाकडून लोखंडाकडे गेला, दुसऱ्याने लोखंडही रंगासाठीच वापरलं. या मुलखात चित्रकार आणि मिस्त्री यांच्यामधली भिंत कधी फारशी जाड नव्हती. एअरब्रश ज्याच्या हातात, त्याला तर ती पाडावीच लागते. दिवसभर रंगवायचं आणि संध्याकाळी तेच यंत्र उघडून बसायचं, हे काम दुसऱ्या कुणावर सोपवून चालत नाही.

आत असतं काय? एक लांब पोलादी सुई, पुढे निमुळती होत गेलेली. ती सुई एका बारीक तोंडाच्या नळीत, म्हणजे नॉझलमध्ये, जाऊन बसते. नॉझलचं भोक साधारण ०.२ ते ०.५ मिलिमीटर. घोडा खाली दाबला की हवा सुटते. दाबलेलाच मागे ओढला की सुई मागे सरकते आणि तिच्या नि नॉझलच्या मधल्या फटीतून रंग येतो. नॉझलभोवती वेगाने जाणारी हवा टोकाशी दाब कमी करते आणि रंग बाहेर खेचून घेते. बारीक कामाला पंधरा ते तीस पौंडांची हवा पुरते. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकातही साधारण तेवढीच असते. सगळी करामत त्या फटीची. केसभर जाडीची रेघ आणि हातभर रुंदीचं धुकं, दोन्ही एकाच फटीतून निघतात आणि दोन्हींचा हिशेब तर्जनीच्या टोकाला ठेवावा लागतो.

म्हणूनच वाळलेला रंग हा या यंत्राचा खरा वैरी. वापराने एअरब्रश फारसा झिजत नाही. काम संपल्यावरची दहा मिनिटं कुणी आळसात घालवली की तो मरतो. चहा आला, माणूस उठला, वाटीत रंग राहिला, एवढ्यात सुई नॉझलला चिकटते. काका काम संपल्यावर वाटीत बॅटरीत घालायचं पाणी ओतून फवारत. बोअरच्या पाण्याचा क्षार त्या भोकात बसू नये म्हणून ही काळजी. मग टोकावर फडकं धरून घोडा ओढायचे. हवा उलटी वाटीत शिरून बुडबुडे येत आणि कोपऱ्यातला रंग सुटून वर येई. मग पुन्हा स्वच्छ पाणी. फवारा निखळ पाण्याचा येईपर्यंत हेच.

शेवटच्या निळ्याच्या वेळी हे का झालं नाही, ते मला ठाऊक नाही. फ्लेक्सचं यंत्र शहरात आलं, तासाभरात हातभर हसणारा चेहरा छापून मिळू लागला, त्या वर्षांतलं ते काम असावं. बहुधा पुढचं काम आलंच नाही.

दुरुस्तीच्या पहिल्या दिवशी मी काहीच उघडलं नाही. वाटीत थिनरचे थेंब सोडले, टोक खाली करून बाटलीच्या झाकणात टेकवलं आणि रात्रभर ठेवलं. सबंध यंत्र थिनरमध्ये बुडवून ठेवायचा मोह होतो. तो आवरावा. जुन्या यंत्रात हवेच्या झडपेला चामड्याचे नाहीतर रबराचे वायसर असतात. रबर थिनरने फुगतं आणि चामड्यातलं तेल निघून ते कोळपतं. काचा पुसायच्या निळ्या पाण्याने साफ करायचा सल्लाही कुणीतरी देतंच. त्यात अमोनिया असेल तर तो पितळ खातो.

दुसऱ्या दिवशी मागची मूठ फिरवून काढली, सुई पकडणारी चकती सैल केली आणि सुई सरळ मागे ओढली. आली नाही. पक्कड लावावीशी वाटते ती इथेच, आणि बहुतेक जुने एअरब्रश इथेच कायमचे जातात. सुई वाकली की ती नॉझलचं तोंड फाडत बाहेर येते. पुन्हा थेंब, पुन्हा रात्र. तिसऱ्या सकाळी सुई गोल फिरवून पाहिली, ती किंचित फिरली आणि मग निळी पूड सांडत आली.

नॉझलच्या बाबतीत माझं नशीब तेवढं बरं नव्हतं. त्याचे आटे घड्याळाच्या स्क्रूसारखे बारीक असतात. हलक्या हाताने, पान्याच्या टोकानेच फिरवायचे; घट्ट करण्यासाठी जोर लावला की मान तुटते आणि आट्यांचा तुकडा आत राहतो. माझ्या आधीच्या कुणीतरी तो जोर लावलाच होता. नॉझलचं डोकं हातात आलं, शेपूट आत. यावर उपाय आहे: बारीक त्रिकोणी कानशीचं टोक त्या तुकड्यात हळूच दाबायचं आणि उलट्या दिशेने फिरवायचं. कानशीच्या कडा पितळेत रुततात आणि तुकडा फिरत बाहेर येतो. हे मी केलं नाही. पेठेतल्या एका सोनाराने केलं, डोळ्याला भिंग लावून, आणि पैसे घेतले नाहीत. खानापूर-विटा-कडेगाव हा गलाई कामगारांचा मुलूख. सोनंचांदी गाळायला इथली माणसं देशभर पसरली आहेत. बारीक धातूची ओळख इथे अंगात असते. जवाहिऱ्याच्या सामानातून जन्मलेलं यंत्र सोनाराच्या ऐरणीवर आलं, म्हणजे माहेरीच आलं म्हणायचं.

नवा नॉझल मिळवणं हा वेगळा उद्योग होता. मूळ कंपनीचा मिळाला नाही. मापाने जवळचा मिळाला, त्याचे आटे जुळले, पण बैठकीत हवा झिरपत होती. ती झिरप कशी कळते? रंगाच्या वाटीत, टोक झाकलेलं नसताना, आपोआप बुडबुडे येतात. आट्यांवर मधमाशीच्या मेणाचं बोट फिरवलं आणि बुडबुडे थांबले. हा उपाय जुन्या कारागिरांचा. रंग आणि थिनर आट्यात जाऊ नये म्हणूनही तो कामी येतो.

या यंत्राच्या तक्रारी एकदा कानाला ओळखीच्या झाल्या की वैद्याने नाडी धरावी तसं काम चालतं. फवारा थुंकतो, शिंतोडे उडवतो: सुईचं टोक वाकलेलं. फवारा एकाच बाजूला जातो: नॉझलच्या ओठाला रंग चिकटलेला किंवा ओठच फाटलेला. घोडा सोडला तरी हवा चालूच: झडपेचा वायसर गेला. घोडा मागे ओढला की सावकाश परत येतो: सुईच्या मधल्या पॅकिंगमध्ये रंग शिरला.

माझ्या सुईचं टोक वाकलेलं होतं. डोळ्यांना दिसत नव्हतं. नखावर टोक ओढलं की एका बाजूने खरवडल्यासारखं लागायचं. काचेवर दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर ठेवला, त्यावर थेंबभर तेल, आणि सुई अगदी आडवी धरून, बोटांत फिरवत फिरवत मागे ओढली. पुढे ढकलायची नाही. दहा-बारा वेळा ओढली की पुन्हा नखावर पाहायची. निमुळतेपणा बदलला तर सुई नॉझलशी जुळत नाही, म्हणून कमीत कमी घासायचं. मला तासभर लागला. एवढ्या वेळात काकांनी एक फेटा रंगवून संपवला असता.

जोडणीचा क्रम मात्र चुकवून चालत नाही. आधी नॉझल, त्यावर टोपी, आणि सगळ्यात शेवटी मागून सुई. आधी सुई बसवली आणि मग तिच्यावर नॉझल चढवायला गेलं तर नुकतंच सरळ केलेलं टोक पुन्हा वाकतं. कडेगावच्या मोहरमच्या ताबुतांची बांधणी ‘आधी कळस, मग पाया’ अशी, वरचा मजला आधी आणि तो उचलून खालचे मजले. गावातली पोरं ते बघत मोठी होतात. उलट्या क्रमाचं आम्हाला नवल वाटू नये, तरी पहिल्यांदा मी सुईच आधी घातली होती.

एअरब्रश गेला असं म्हणवत नाही. तो दुसऱ्या हातांत गेला. पेणपासून गावोगावच्या कुंभारवाड्यांपर्यंत गणपतीच्या अंगकांतीचा रंग, पितांबराची छटा, मोत्याची झाक आता फवाऱ्यानेच चढते. डोळ्यांची आखणी मात्र अजून कुंचल्याने होते. बेकरीत केकवर गुलाबी धुकं मारायला हेच यंत्र असतं. जुन्या फ्रिजमधला कॉम्प्रेसर काढून हवेची टाकी जोडतात. तो फारसा आवाज करत नाही, म्हणून रात्री घरातही काम होतं. काकांच्या काळी ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये सायकलच्या पंपाने हवा भरून ठेवायचे आणि ती ट्यूब पायाखाली असायची. चित्र मोठं असलं की पुतणे पाळीपाळीने पंप मारायचे. त्यांतला एक मी.

काका आता रंगवत नाहीत. हात थरथरतो. मी त्यांच्यासमोर पुडी उघडली तेव्हा त्यांनी आधी सुई काढून नखावर ओढून पाहिली, मान हलवली आणि वाटीत थेंबभर काळा रंग टाकायला सांगितला. घोडा त्यांनी दाबला नाही. माझ्या तर्जनीवर आपली तर्जनी ठेवली आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या समासावर एक रेघ ओढून घेतली. सुरुवातीला केसासारखी, मग रुंदावत गेलेली, मग कुठे संपली ते न दिसणारी. दुसरी रेघ मी एकट्याने ओढायला घेतली. बाहेर पाऊस लागला होता, नळीत हवेतलं पाणी साचलं होतं, आणि समासावर आवळ्याएवढा डाग पडला.

“नळी झाड आधी,” काका म्हणाले, आणि चहा सांगायला आत गेले.