वरच्या खोलीचा उकाडा: आधी गच्ची, मग एसी

तळोज्याच्या जुन्या घरांत वरच्या मजल्यावरच्या झोपायच्या खोलीला थंडीपेक्षा उकाड्याचा त्रास मोठा. मे महिन्यात रात्री दहालाही पंखा गरम हवाच फेकतो. एसी लावण्याआधी उष्णता कुठून येते ते पाहावे.

उष्णतेची वाट

रात्री स्टुलावर चढून छताला तळवा लावा. ऊब जाणवली, तर दोष छताचा. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन शोषतो आणि सूर्य मावळल्यावर तीच उष्णता खाली सोडत राहतो. केंद्राच्या २०१८ च्या इको निवास संहितेने घराच्या छतासाठी उष्णतावहनाची मर्यादा दर चौरस मीटरला, तापमानातल्या दर अंश फरकामागे १.२ वॅट ठेवली आहे. चार-पाच इंची उघड्या स्लॅबमधून याच्या दुपटीहून जास्त उष्णता आत येते.

पहिले काम गळतीचे

ओल धरलेला उष्णतारोधक थर नीट काम करत नाही. म्हणून तडे, पॅरापेटचे कोपरे आणि पावसाळी पाइपांची तोंडे आधी दुरुस्त करावीत. छताचे प्लास्टर फुगले असेल किंवा सळया गंजून दिसत असतील, तर वर कोणत्याही थराचे वजन चढवण्यापूर्वी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे.

स्वस्त उपाय: पांढरी गच्ची

गच्चीला चुन्याचा किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग द्यावा, नाहीतर चायना मोझॅक बसवावे. सूर्यप्रकाशाचा निदान ६० टक्के भाग परतवणारे छत व्यावसायिक इमारतींच्या ऊर्जा संहितेत ‘कूल रूफ’ ठरते. पण कोकणच्या पावसात गच्चीवर शेवाळ धरते आणि पांढरा रंग काळवंडतो. पावसाळा सरला की गच्ची घासून धुवावी आणि उन्हाळ्यापूर्वी गरजेप्रमाणे पुन्हा हात द्यावा.

पक्का उपाय: स्लॅबवरचा थर

वॉटरप्रूफिंगवर ५० मिलिमीटरचे एक्सपीएस (पॉलिस्टायरीन फोमचे) बोर्ड अंथरून त्यावर जाळीसह काँक्रीटचा पातळ थर आणि फरशी टाकली, की छत इको निवास संहितेच्या मर्यादेत आरामात बसते. हा थर स्लॅबच्या वर असल्यामुळे स्लॅब फारसा तापत नाही. काम करताना पाण्याचा उतार बिघडू देऊ नये.

पत्र्याची शेड

शेडमुळे गच्चीवर सावली पडते, पाऊसही अडतो. मात्र तिच्या बाजू मोकळ्या ठेवाव्यात, म्हणजे तापलेली हवा निघून जाते. बांधण्याआधी महापालिकेच्या परवानगीची चौकशी करावी. खोलीवर थेट पत्राच असेल, तर खाली चकचकीत फॉइल लावताना मध्ये हवेसाठी जागा सोडावी. पत्र्याला चिकटवलेली फॉइल फारशी उपयोगी पडत नाही. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे ते कापू नयेत आणि त्यांना भोकेही पाडू नयेत.

आतून काय करता येईल

गच्ची सोसायटीची असेल आणि वरून काम जमत नसेल, तर फॉल्स सीलिंगच्या वर रॉकवूल भरता येते. मात्र त्यात गळती झाकली जाते, डाग दिसेपर्यंत नुकसान झालेले असते. पश्चिमेच्या खिडकीला आतल्या पडद्यापेक्षा बाहेरची चटई किंवा छज्जा बरा, कारण ऊन काचेच्या बाहेरच अडते. बाहेर गारवा आला की समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात.

काम केव्हा काढावे

पावसानंतर स्लॅब नीट वाळू द्यावा आणि डिसेंबर ते एप्रिलमध्ये काम उरकावे. पैसे बेताचे असतील, तर या वर्षी गळती आणि पांढरा रंग एवढेच करावे. पुढचा मे काढून बघावा. रात्री छत तरीही तापलेलेच लागले, तर बोर्डांचा खर्च करावा. एसी त्यानंतर घेतला, तर लहानही पुरू शकतो.