पिओनीच्या कळ्या काळ्या पडतायत?

थंड हवेच्या देशांत बाग फुलवणाऱ्या मंडळींसाठी ही पोस्ट. (पिओनीला कडक हिवाळा लागतो, त्यामुळे महाराष्ट्रात तिचा नाद नको!)

वसंतात कोवळे कोंब अचानक मान टाकतात, बुडाशी काळे पडतात, कळ्या तपकिरी होऊन सुकतात आणि त्यांवर करडी लव दिसते? हा बोट्रायटिस बुरशीचा प्रताप. गार, दमट हवा तिला भारी मानवते.

काय करायचं?
• रोगट कोंब थोडी माती बाजूला करून बुडापासून कापा. कात्री स्पिरिटने पुसा.
• कापलेलं सगळं कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको.
• पाणी सकाळी, थेट बुंध्याशी द्या. पानं कोरडी राहू द्या.
• झाडांत मोकळी जागा ठेवा, नत्रयुक्त खताचा मारा टाळा.
• सर्वांत महत्त्वाचं: पानगळीच्या दिवसांत सगळे दांडे कापून पालापाचोळा उचला. बुरशीचे काळे, टणक दाणे त्यातच हिवाळा काढतात.

उन्हाळ्याअखेर पानांवर पांढरी भुकटी दिसली तर ती भुरी. दिसते वाईट, पण झाड सहसा तगतं.

आणि हो, कळ्यांवरच्या मुंग्या मारू नका. त्या गोड रसासाठी येतात, कळी खात नाहीत.

#बागकाम #पिओनी